फायलींना शेपूट फुटले त्या दिवसापासून

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या दुकानातील संगणकावरच्या जवळजवळ सगळ्या फायली एका खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केल्या. त्यानंतर जूनपर्यंत जे जे करावे लागले ते येथे क्रमाने लिहीत आहे. त्या पहिल्या रात्री मी मराठीत काही माहिती मिळते का म्हणून फोनवर बराच वेळ शोधत होते. सापडले ते एकतर ‘चांगला अँटिव्हायरस टाका’ एवढेच सांगून थांबणारे होते, नाहीतर पैसे घेऊन फायली सोडवून देतो असे सांगणारे होते. संगणक आधीच लागण झालेला असताना पहिल्या तासात काय करावे आणि काय करू नये, हे कोणी सांगत नव्हते.

आमचे दुकान सोलापुरात नवी पेठेच्या एका बोळात आहे. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, ते खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवण्याच्या काळात सुरू केले आणि गेली अकरा वर्षे मी तेथे डीटीपीचे, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर मांडण्याचे, काम पाहते. लग्नपत्रिका, चादरी-टॉवेलांची लेबले, पावतीपुस्तके, वर्षश्राद्धाची कार्डे असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. सोलापुरात एकाच लग्नाची पत्रिका मराठीत आणि तेलुगूत, किंवा मराठीत आणि कन्नडमध्ये छापावी लागणे नेहमीचेच असल्याने प्रत्येक घराण्याची जुनी पत्रिका जपून ठेवणे हे आमचे खरे भांडवल आहे. थोरल्या मुलीच्या पत्रिकेत आत्या-मामांची नावे कोणत्या क्रमाने होती, हे धाकटीच्या लग्नात विचारले जातेच.

शनिवार, ४ फेब्रुवारी रोजी एका यंत्रमागधारकांच्या घरच्या लग्नाचा मजकूर व्हॉट्सॲपवर आला. वर ‘श्री मार्कंडेय प्रसन्न’ आणि खाली जवळजवळ ऐंशी नावे, सगळी युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या फोन-संगणकांवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप केलेली. आमचे पत्रिकेचे सजावटी फॉन्ट जुन्या पद्धतीचे, युनिकोडपूर्व आहेत. त्यांत युनिकोडचा मजकूर चिकटवला की मराठीऐवजी नुसती चिन्हे उमटतात. यासाठी रूपांतर करून देणारे सॉफ्टवेअर लागते आणि आमच्याकडील सॉफ्टवेअरची मुदत संपली होती. ग्राहक संध्याकाळी प्रूफ पाहायला येणार होते. मी तेच सॉफ्टवेअर ‘क्रॅक’सह, म्हणजे परवाना चुकवणाऱ्या फाइलसह, फुकट मिळते का ते शोधले आणि दहा मिनिटांत एक झिप फाइल उतरवून घेतली.

आता मागे वळून पाहिले की त्या झिप फाइलमधली प्रत्येक गोष्ट खुणेची वाटते. तिला पासवर्ड होता आणि तो शेजारच्याच टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला होता. कुलूप लावून चावी दाराशीच ठेवण्याचा हा उपद्व्याप कशासाठी, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला पाहता येत नाही, हे त्याचे कारण मला नंतर कळले. त्याच टेक्स्ट फाइलमध्ये पहिली सूचना होती की सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा, कारण तो ‘चुकीची भीती’ दाखवतो. मी विंडोजचे संरक्षण स्वतःच्या हाताने बंद केले. त्या आधी त्याने एकदा लाल खूण दाखवली होती, तीही मी मिटवली.

सॉफ्टवेअर उघडलेच नाही. त्याऐवजी थोड्या वेळाने विंडोज अपडेट चालू असल्याची एक खिडकी दिसू लागली, टक्के पुढे सरकत होते. अपडेट म्हणजे संगणक जरा मंद होणारच, असे समजून मी चहाला उठले. ती खिडकी खोटी होती. मागे जे चालले होते त्याचा आवाज आणि मंदपणा झाकण्यासाठी ती लावलेली असते.

परत आले तेव्हा २०२२ च्या पत्रिकांचा फोल्डर उघडा होता. त्यातील छोट्या चित्रांच्या जागी एकामागून एक पांढरे कोरे कागद येत होते, वरून खाली, आपण यादीवर टिक करत जावे तसे. प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अक्षरांचे एक अनोळखी शेपूट लागत होते. आडनाव तेच, गाव तेच, पण पुढे शेपूट. मी एका फाइलवर क्लिक केले, ती उघडली नाही. नाव बदलून शेपूट काढून पाहिले, तरी उघडली नाही. फोल्डरच्या तळाशी ‘रीडमी’ नावाची एक टेक्स्ट फाइल होती. तिच्यात इंग्रजीत लिहिले होते की तुमच्या सगळ्या फायली कूटबद्ध केल्या आहेत, त्या सोडवण्याची किंमत ९८० डॉलर आहे आणि ७२ तासांत संपर्क केल्यास ती निम्मी, म्हणजे ४९० डॉलर होईल. त्या वेळच्या भावाने हे अनुक्रमे सुमारे ऐंशी हजार आणि चाळीस हजार रुपये होत होते. नमुन्यादाखल एक फाइल फुकट सोडवून देण्याची तयारीही त्यात दाखवली होती. व्यवहारातील ही सभ्यता वाचून मला रडू येण्याऐवजी संताप आला.

मी घाबरून इंटरनेटची केबल उपटली. संगणक मात्र बंद केला नाही. बंद केल्यास सगळेच जाईल असे वाटले. त्यामुळे तो आणखी पंधरा-वीस मिनिटे फायली कुलूपबंद करत राहिला. शेवटी बोळाच्या तोंडाशी संगणक दुरुस्तीचे काम करणारा मुलगा आला आणि त्याने वीजच काढली. “ताई, फॉरमॅट मारून टाकू, एका तासात मोकळे,” असे त्याचे म्हणणे होते. तो चुकत होता असे नाही. त्याच्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ संगणकांना तेच पुरत असावे. त्याला पाचशे रुपये दिले आणि पुण्यात नेटवर्कचे काम पाहणाऱ्या भाच्याला फोन लावला.

“मावशी, फॉरमॅट करू नकोस आणि पैसेही देऊ नकोस. सगळ्यात आधी सांग, बॅकअपची डिस्क कुठे होती?”

बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क संगणकालाच जोडलेली होती. दोन वर्षांपूर्वी मी ती मोठ्या अभिमानाने आणली होती आणि दररोज काढा-लावा नको म्हणून कायमची लावून ठेवली होती. संगणकाला जे जे दिसते ते ते या व्हायरसलाही दिसते, म्हणून तिच्यातील फायलींनाही तेच शेपूट लागले होते. जोडलेली डिस्क ही दुसरी प्रत असते, बॅकअप नसतो, हा फरक त्या संध्याकाळी मला फार महागात समजला.

ग्राहकांना मी खरे ते सांगितले. ते दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, मजकूर तर माझ्या फोनमध्ये आहे की. उद्या करा.” ती पत्रिका मी रविवारी एका परिचितांच्या दुकानात बसून केली. युनिकोडचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवण्यासाठी त्यांनी मला ब्राउझरमध्येच चालणारे, पूर्णपणे मोफत असे रूपांतराचे पान उघडून दिले. त्या पानाकडे मी काही क्षण नुसती पाहत बसले.

रविवारी भाचा हुतात्मा एक्सप्रेसने आला. पुढे काही करण्यापूर्वी त्याने मला हा प्रकार नेमका काय आहे ते समजावले आणि ते समजल्याने माझी निम्मी भीती गेली, म्हणून ते येथे थोडे विस्ताराने देते. आपण ज्याला सरसकट व्हायरस म्हणतो त्यात निरनिराळ्या स्वभावाचे प्रोग्राम असतात. खरा व्हायरस दुसऱ्या प्रोग्रामला किंवा फाइलला चिकटतो आणि ती फाइल कोणी चालवली की आपल्या आणखी प्रती काढतो. वर्म्सना कोणाच्या क्लिकची गरज नसते, ते नेटवर्कमधील दारे शोधत स्वतःच एका संगणकावरून दुसऱ्यावर जातात. ट्रोजन हे उपयोगी वस्तूचे सोंग घेऊन येतात आणि आपण त्यांना आपल्या हाताने आत घेतो. आमच्याकडे आलेला प्रकार हा ट्रोजनच्या वाटेने शिरलेला रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीखोर प्रोग्राम, होता.

पेनड्राइव्हवरील फोल्डर अदृश्य होऊन त्या जागी शॉर्टकट दिसण्याचा अनुभव आमच्या धंद्यात प्रत्येकाला आला आहे. तेथे मूळ फायली शाबूत असतात, फक्त लपवलेल्या असतात. त्या पुन्हा दिसत्या करणे हे पाच मिनिटांचे काम असते. म्हणून व्हायरस म्हटले की आमच्या मनात तेवढेच चित्र होते. रॅन्समवेअर फाइल लपवत नाही, तो तिचा मजकूरच गणिताने बदलून टाकतो आणि तो परत फिरवण्याची चावी हल्लेखोराकडे राहते. व्हायरस नंतर काढून टाकला तरी फायली कुलूपबंदच राहतात. चोर गेला म्हणून त्याने लावलेले कुलूप उघडत नाही.

हा धंदा नवा नाही, हेही मला तेव्हाच कळले. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी केलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो आणि त्यांनी त्यात स्वतःची नावे, पत्ता आणि फोन नंबर चक्क लिहून ठेवले होते. १९८९ मध्ये एड्सविषयीची माहिती आहे असे भासवून टपालाने फ्लॉपी पाठवल्या गेल्या. त्या वापरणाऱ्यांचे संगणक अडवून पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्यास सांगितले गेले. खंडणीचा हा पहिला ज्ञात प्रकार आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी अपडेट ‘नंतर आठवण करा’ म्हणून पुढे ढकलले होते, त्यांच्याकडे तो शिरला. आप्पा हे सगळे ऐकत होते. “आमच्या वेळी खिळ्यांच्या केसांत, म्हणजे खणांच्या पेट्यांत, उंदीर शिरायचे, पण ते अक्षरे खात नसत,” एवढेच ते म्हणाले.

सोमवारी, ६ फेब्रुवारीला, तक्रारीचे काम केले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ओटीपी देऊन नोंदणी करावी लागते. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा असतो, कारण तेथे पैसा पुढे सरकण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता असते. आमचे पैसे गेले नव्हते, म्हणून आम्ही ‘इतर सायबर गुन्हे’ या भागात गेलो. घटनेचे वर्णन सविस्तर लागते, एका ओळीवर भागत नाही, आणि त्यात विशेष चिन्हे चालत नाहीत. माझे वर्णन दोनदा परत आले ते मी ईमेल पत्ते तसेच चिकटवल्यामुळे. वर्णन आधी साध्या टेक्स्टमध्ये लिहून ठेवावे, खंडणीच्या सूचनेचा आणि शेपूट लागलेल्या फायलींच्या फोल्डरचा फोनवरून फोटो काढून ठेवावा आणि पोचक्रमांक वहीत लिहून घ्यावा. हे सर्व करण्यात सुमारे दीड तास गेला.

पोच घेऊन दुपारी शहरातील सायबर पोलिसांकडे गेले. तेथील कर्मचाऱ्यांनी नीट ऐकून घेतले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली हा गुन्हा होतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, असे त्यांनी सांगितले. हल्लेखोर देशाबाहेर असण्याचीच शक्यता जास्त असल्याने फायली परत मिळण्याची आशा तक्रारीवर ठेवू नये, हेही स्पष्टपणे सांगितले. तरीही तक्रार केल्याचा मला उपयोग झाला. ज्या दोन संस्थांची वार्षिक अहवालाची कामे अडकली होती त्यांना मी पोचेची प्रत दाखवू शकले आणि त्यांनी मुदत वाढवून दिली.

याच दिवसांत मी पैसे भरण्याच्या अगदी काठावर जाऊन आले. मंगळवारी ७२ तास संपत होते. चाळीस हजार आणि अकरा वर्षांचे काम, असा हिशेब डोक्यात सतत चालू होता. त्यातच बाहेरगावच्या एका डेटा रिकव्हरीवाल्यांनी फोनवर पंचेचाळीस हजारांत ‘शंभर टक्के हमी’ दिली. भाच्याने त्यांना कोणत्या पद्धतीने करणार असे विचारले, तेव्हा ते उत्तर देईनात. असे काही जण स्वतःच हल्लेखोराला निम्मी खंडणी भरून चावी घेतात आणि वर आपला नफा लावतात, असे त्याचे मत पडले. पैसे भरूनही चावी मिळेलच याची कोणी खात्री देत नाही, आणि भरणाऱ्याचा पत्ता मात्र हल्लेखोरांच्या वहीत राहतो. मंगळवारची संध्याकाळ मी दुकान बंद करून सिद्धेश्वर तलावाच्या काठी काढली. घरी परत आले तेव्हा मुदत उलटून गेली होती आणि विचित्र म्हणजे मला हलके वाटले.

दरम्यान भाच्याने ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळाची ओळख करून दिली होती. नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल ही युरोपीय पोलीस संस्था आणि दोन सुरक्षा कंपन्या यांनी २०१६ मध्ये ते सुरू केले. तेथे खंडणीची सूचना आणि एक-दोन कुलूपबंद फायली दिल्या की व्हायरस कोणता आहे हे ओळखले जाते आणि त्यावर मोफत उतारा, म्हणजे कुलूप उघडणारा प्रोग्राम, उपलब्ध असल्यास तो मिळतो. आमचा निघाला ‘स्टॉप डीजेव्हीयू’ कुळातला, जो मुख्यतः फुकटच्या क्रॅकमधूनच पसरतो. घराण्याचा इतिहास वाचताना मला माझीच गोष्ट वाचल्यासारखे झाले.

या कुळाची एक खोड समजून घेण्यासारखी आहे. तो संगणकावर आला की प्रथम आपल्या मालकाच्या सर्व्हरकडून, म्हणजे इंटरनेटवरील संगणकाकडून, त्या संगणकापुरती वेगळी चावी मागवतो. सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर तो आपल्यासोबतच आणलेली एक ठरावीक चावी वापरतो. पहिल्या प्रकारच्या चावीवर मोफत उतारा नाही. दुसरी चावी मात्र अनेक बळींना समान असते, म्हणून ती कोठून तरी संशोधकांच्या हाती लागली की सगळ्यांचीच कुलुपे उघडतात. सूचनेच्या तळाशी असलेल्या ओळखक्रमांकाची शेवटची दोन अक्षरे ‘टी१’ असतील तर ती दुसरी, म्हणजे ऑफलाइन चावी. आमच्या सूचनेतील क्रमांकाच्या शेवटी ‘टी१’ नव्हते. भाचा गप्प झाला. मग त्याने सी ड्राइव्हवर व्हायरसने केलेल्या एका फोल्डरमधील टेक्स्ट फाइल उघडली. तिच्यात दोन क्रमांक होते आणि त्यांतील दुसरा ‘टी१’वर संपत होता. मी केबल उपटली, पण संगणक चालू ठेवला. त्यानंतर तो व्हायरस दर काही मिनिटांनी पुन्हा चालू होताना त्याला सर्व्हर सापडला नसावा आणि उरलेल्या फायलींना त्याने ऑफलाइन चावी लावली असावी, असा भाच्याचा अंदाज होता.

म्हणून मूळ डिस्क तशीच काढून ठेवायची आणि नव्या डिस्कवर विंडोज बसवायची, असे ठरले. नवी ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, ३,२०० रुपयांना आली. कुलूपबंद फायली कधीही पुसू नयेत, कारण उतारा वर्षभरानेही निघू शकतो. सोबत खंडणीची ती टेक्स्ट फाइलही जपावी, कारण ओळखक्रमांक तिच्यातच असतो.

एक गोष्ट माझ्या ध्यानीमनीही नव्हती. हा व्हायरस एकटा येत नाही, पुष्कळदा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्राम सोबत घेऊन येतो. म्हणून रविवारी रात्री फोनवरून, त्या संगणकावरून नव्हे, मी ईमेल, नेट बँकिंग, जीएसटी पोर्टल आणि दुकानाच्या फेसबुक पानाचे पासवर्ड बदलले, सगळीकडून लॉगआउट केले आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली. ईमेलच्या खात्यात परदेशातून लॉगिनचा एक प्रयत्न झाल्याचे दिसले तेव्हा अंगावर काटा आला. त्या व्हायरसने आणखी एक चलाखी केली होती: सुरक्षा कंपन्यांची पाने संगणकावर उघडूच नयेत म्हणून ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये त्यांचे पत्ते अडवून ठेवले होते. मी दोन दिवस इंटरनेटवाल्यांना दोष देत होते.

फायली परत मिळवण्याचे काम फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू झाले आणि ते कंटाळवाणे होते. त्यात एक सुखद धक्का मिळाला. वेग साधण्यासाठी हा व्हायरस प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे १५० केबी भाग बदलतो. छोटी फाइल त्यात पूर्ण जाते, पण मोठ्या झिपचे फक्त डोके जाते आणि तिची अनुक्रमणिका शेवटी असल्याने शाबूत राहते. मी २०१२ ते २०१८ या सात वर्षांच्या पत्रिका वर्षवार झिप करून ठेवल्या होत्या, तेही जागा वाचवण्यासाठी. शेपूट काढून त्या झिप उघडल्या, तेव्हा प्रत्येकीतील पहिल्या एक-दोन फायली खराब निघाल्या आणि बाकी सगळ्या धडधाकट होत्या. २०१४ च्या झिपमधून पहिली पत्रिका पडद्यावर आली, केशरी कडा आणि दोन्ही बाजूंना केळीचे खांब असलेली. ती मी आजवर केलेल्या पत्रिकांपैकी सर्वांत सुमार आहे. त्या दिवशी मी तिचे प्रिंट काढून भिंतीवर लावले.

२०१९ पासूनच्या सुट्या फायली सुमारे ९,४०० होत्या. त्यांतील १,३०० च्या आसपास कामांच्या पीडीएफ मला बाहेरून मिळाल्या: ऑफसेटवाल्यांकडे पाठवलेल्या ईमेलमधून, ग्राहकांच्या व्हॉट्सॲपमधून आणि माझ्याच ‘पाठवलेले’मधून. फोन करून ‘आमची पत्रिका तुमच्याकडे आहे का’ असे आपणच ग्राहकाला विचारायचे, हा प्रसंग अवघड असतो, पण एकानेही कुरकुर केली नाही. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यांनी तर लेबलांचे जुने छापील संच पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून पाठवले.

मार्चपासून मी दर रविवारी सकाळी तो मोफत उतारा नव्या डिस्कवरून चालवून पाहत असे. पहिल्या क्रमांकाच्या फायलींवर ‘ऑनलाइन चावी, सोडवणे अशक्य’ असा शेरा येई आणि दुसऱ्यावर ‘भविष्यात शक्य होऊ शकेल’ असा. बारा-तेरा रविवार हेच चालले. उन्हाळा संपत आला, लग्नसराई नव्या फायलींवर निभावली.

या काळात संरक्षणाची घडी बसवली, तीही एकदम नव्हे, चुकत चुकत. दैनंदिन कामासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले साधे खाते केले. त्यामुळे काहीही बसवताना पासवर्ड मागितला जातो आणि तेवढ्यात माणूस भानावर येतो. विंडोज सिक्युरिटीतील ‘नियंत्रित फोल्डर प्रवेश’ ही सोय सुरू केली. तिच्यामुळे अनोळखी प्रोग्रामला आपल्या फोल्डरमधील फायली बदलता येत नाहीत, मात्र पहिल्याच दिवशी तिने माझे डिझाइनचे सॉफ्टवेअरही अडवले आणि दोन तासांचे काम सेव्ह होईना. त्याला परवानगीच्या यादीत टाकावे लागते. फायलींचे पूर्ण नाव दिसेल असे सेटिंग केले, कारण नाहीतर ‘पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘पत्रिका डॉट पीडीएफ’ म्हणून दिसते. अपडेट आता रात्री दुकान बंद करताना होऊ देते.

आमच्या धंद्यात पेनड्राइव्ह नाकारता येत नाही. त्यासाठी आप्पांच्या टेबलावरील जुना संगणक नेटवर्कपासून तोडून ठेवला आहे. पेनड्राइव्ह आधी त्याच्यात लावून तपासायचा. काही संशय वाटल्यास ती एकच फाइल ‘व्हायरसटोटल’ या संकेतस्थळावर चढवून अनेक अँटिव्हायरसचे मत एकदम पाहता येते. तेथे चढवलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते, म्हणून ग्राहकांची आधार कार्डे किंवा हिशेब तेथे कधीही टाकू नयेत. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही तपासणीची मोफत साधने मिळतात. अँटिव्हायरस जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी ‘आयकार’ची अवघ्या ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते, महिन्यातून एकदा मी ती उतरवून पाहते आणि आरडाओरडा झाला की समाधान मानते.

बॅकअपसाठी ४,२०० रुपयांची एक, अशा दोन डिस्क घेतल्या. एक आठवडा एक, दुसऱ्या आठवड्यात दुसरी. शनिवारी प्रत झाली की डिस्क काढायची आणि घरी आप्पांच्या लोखंडी कपाटात ठेवायची. चालू महिन्याची कामे क्लाउडवरही जातात. पहिल्या दोन महिन्यांत मी प्रत घेतली, पण ती उघडून पाहिली नाही. मे महिन्यात पाहिली तेव्हा तेलुगू फॉन्टचा फोल्डर प्रतीत येतच नव्हता असे लक्षात आले. तेव्हापासून दर महिन्याला कोणतीही पाच कामे डिस्कवरून उघडून छापून पाहते. सगळा खर्च, दुरुस्ती, एसएसडी, डिस्क आणि सॉफ्टवेअरचा रीतसर परवाना धरून, सोळा हजारांच्या थोडा आत राहिला.

रविवार, ११ जून रोजी नेहमीप्रमाणे उतारा लावून मी दूध तापवायला गेले. परत आले तर पडद्यावरची यादी लाल नव्हती. ऑफलाइन चावी संशोधकांना मिळाली होती आणि माझ्या फायली एकेक करून उघडत होत्या. सगळ्या नव्हेत, केबल उपटल्यानंतर ज्यांना शेपूट लागले त्या १,१४० फायली. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, “मावशी, आधी प्रत काढ, मग आनंद कर.” मी प्रत काढली.

उरलेल्या सुमारे सात हजार फायलींची ती जुनी डिस्क मी टाकलेली नाही. आप्पांनी तिच्यावर आपल्या वळणदार अक्षरात ‘संगणकास लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवून ती कपाटात खिळ्यांच्या एका जुन्या केसमध्ये ठेवली आहे. उताऱ्याच्या पानावर नव्या चाव्यांची नोंद आली आहे का, ते मी आता रविवारऐवजी महिन्याच्या पहिल्या तारखेला पाहते.